मेंदूतल्या अमिबाचा उपचार: औषधं आहेत, पण मुंबईत वेळेवर शंका कोण घेणार?

मंजिरी_परळ (धागाकर्ती)

केरळहून बातमी आली की आपल्याकडच्या ग्रुपांवर ‘मेंदू खाणारा अमिबा’ फिरायला लागतो. त्यात दोन गोष्टी हमखास असतात: शंभरातले ९७ दगावतात, आणि मुलांना पाण्यात पाठवू नका. उपचारांबद्दल अवाक्षर नसतं. मी परळच्या एका सार्वजनिक रुग्णालयात मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये आहे. मेंदूज्वराच्या पेशंटच्या मणक्यातून काढलेलं पाणी तपासायला आमच्याकडेच येतं, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. माझं म्हणणं एवढंच: या आजारावर औषधं आहेत, त्यातली बहुतेक मुंबईत मिळतात, आणि पेशंट हातचा जातो तो बऱ्याचदा शंका यायला उशीर झाला म्हणून.

आधी कोणकोणते अमिबा ते सांगते, कारण औषधं त्याप्रमाणे बदलतात. बातम्यांमध्ये असतो तो नेग्लेरिया फाउलेरी. हा कोमट, गोड्या पाण्यात राहतो, ४६ अंशांपर्यंतचं पाणी सोसतो, आणि नाकात जोरात पाणी गेलं तर वासाच्या मज्जातंतूवरून चढत मेंदूत शिरतो. पाणी पिऊन होत नाही. एकापासून दुसऱ्याला होत नाही. १९६५ साली ऑस्ट्रेलियात फाउलर आणि कार्टर यांनी तो नोंदवला. भारतातली पहिली नोंद १९७१ ची, दोन मुलांची. पाण्याशी संबंध आल्यानंतर १ ते १२ दिवसांत ताप, डोकेदुखी, उलट्या, मान आखडणं, कधीकधी वास किंवा चव बिघडणं. मग झटके, बेशुद्धी. लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण पाच दिवसांत सगळं संपतं.

दुसरे दोन म्हणजे अकांथामिबा आणि बालामुथिया. यांना घाई नसते, आठवडे किंवा महिने घेतात. अकांथामिबा मुख्यतः प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना गाठतो: किडनी बदललेले, एचआयव्ही असलेले, दीर्घकाळ स्टेरॉइडवर असलेले. बालामुथिया मातीतला, तो धडधाकट माणसालाही होऊ शकतो. एमआरआयमध्ये कडा चमकणाऱ्या गाठी दिसतात. आणि मुंबईत असा एमआरआय समोर आला की पहिलं नाव टीबीचं येतं. ते यायलाच हवं, आपल्याकडे टीबी आहेच तेवढा. एकेटी (टीबीची औषधं) सुरू होते, जोडीला स्टेरॉइड. स्टेरॉइडने सूज उतरते, चार दिवस घरच्यांना हायसं वाटतं, आणि मग पेशंट पुन्हा घसरतो. ‘औषधाला दाद न देणारा टीबी’ असं धरून गोळ्या वाढवण्याआधी गाठीचा तुकडा काढून तपासायचा का, हा प्रश्न तिथे कोणीतरी विचारायला हवा.

नेग्लेरियात फसगत वेगळीच होते. त्याचं मणक्यातलं पाणी जिवाणूंच्या मेंदूज्वरासारखं दिसतं: पेशी भरपूर, त्यातल्या बहुतेक न्यूट्रोफिल (जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी), साखर कमी, प्रथिनं जास्त. पण ग्रॅम स्टेनमध्ये (जिवाणू रंगवून बघायची तपासणी) जिवाणू सापडत नाहीत, कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून बघणं) कोरं येतं. अशा वेळी ‘बाहेर एखादं अँटिबायोटिक घेतलं असेल’ म्हणून विषय मिटतो.

ओळखायचा उपाय महाग नाही. मणक्यातल्या ताज्या पाण्याचा एक थेंब काचपट्टीवर, वर कव्हरस्लिप, मायक्रोस्कोपचा कंडेन्सर थोडा खाली, ४० च्या भिंगाखाली बघत राहायचं. पांढऱ्या पेशी जागेवर गोल बसून असतात. अमिबा पुढून एक बोथट फुगवटा काढतो, अंगातला रस त्यात ओततो आणि गोगलगायीसारखा एकाच दिशेने सरकतो. मी अकांथामिबा डोळ्याच्या नमुन्यांतून पुष्कळ पाहिलाय. पोषण नसलेल्या अगारवर (जेलीसारखा थर) ई. कोलाय जिवाणू पसरून त्यावर नमुना ठेवायचा. अमिबा जिवाणू खात पुढे जातो आणि त्या थरात त्याच्या वाटा उमटलेल्या दिसतात. एकदा पाहिलं की विसरायला होत नाही. पण हे सगळं नमुना ताजा असेल तरच. फ्रीजमध्ये ठेवला की अमिबा गोल होऊन बसतो, मग पांढऱ्या पेशीत आणि त्याच्यात फरक करणं जवळजवळ अशक्य.

उपचारांबद्दल खाली लिहीतच जाईन. आधी थोडक्यात: अ‍ॅम्फोटेरिसिन बी (शिरेतून, आणि गरज पडल्यास मणक्यातूनही), मिल्टेफोसिन, फ्लुकोनाझोल, अझिथ्रोमायसिन, रिफाम्पिसिन आणि सूज कमी करायला डेक्सामेथासोन. हा नेग्लेरियासाठीचा संच. यातली अझिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल, रिफाम्पिसिन कोपऱ्यावरच्या केमिस्टकडेही असतात. अडतं ते मिल्टेफोसिनपाशी.

*

अभय_गोरेगाव

माहिती चांगली आहे, पण स्पष्ट बोलतो. ज्या शहरात टीबी, डेंग्यू, लेप्टो दर पावसाळ्यात माणसं नेतात तिथे कोटीत एखाद्याला होणाऱ्या आजारावर धागा काढून आपण लोकांना घाबरवत तर नाही ना? माझ्या मेव्हणीने कालपासून मुलाला सोसायटीच्या स्विमिंग क्लासला पाठवणं बंद केलंय.

*

मंजिरी_परळ

अभयजी, मेव्हणीला सांगा क्लास बंद करू नका, फक्त तलावाच्या क्लोरीनची नोंदवही बघायला मागा. मोकळा क्लोरीन १ ते ३ पीपीएम आणि पीएच ७.२ ते ७.८ च्या दरम्यान असेल तर नेग्लेरियाची काळजी करायचं कारण नाही. पाणी गढूळ असेल, तळ दिसत नसेल, नोंदवहीच नसेल, तर त्या तलावात पोहू नये. त्यासाठी अमिबाचीच भीती हवी असं नाही.

दुर्मीळ आहे हे शंभर टक्के मान्य. अमेरिकेत १९६२ पासून २०२३ पर्यंत १६४ रुग्ण नोंदले गेले, त्यातले चार वाचले. पण ‘दुर्मीळ’ या शब्दामागे दोन गोष्टी असतात: खरोखर कमी होणं, आणि न बघितल्यामुळे न सापडणं. केरळने काय केलं ते बघा. पहिला रुग्ण तिथे २०१६ मध्ये सापडला, पुढे वर्षाकाठी एखाद-दुसरा. २०२४ मध्ये मेंदूज्वराच्या पेशंटमध्ये अमिबा मुद्दाम शोधायला सुरुवात केली आणि त्या वर्षी ३६ रुग्ण सापडले. मृत्यू ९. म्हणजे बहुतेक वाचले. हे सगळे नेग्लेरियाचे नव्हते, अकांथामिबाचेही होते, त्यामुळे ९७ टक्क्यांशी थेट तुलना करता येणार नाही. तरीही लवकर ओळखणं आणि लगेच मिल्टेफोसिन देणं याचा त्यात वाटा आहे असं मला ठामपणे वाटतं.

*

शुभदा_त्रिवेंद्रम

मी मूळची डोंबिवलीची, लग्नानंतर इकडे. मंजिरीताई, इथे ही गोष्ट आता घराघरांत पोचली आहे. मुलगा तापाने फणफणला तर दवाखान्यात नाव-वय झाल्यावर तिसरा प्रश्न ‘कुळात उतरला होता का?’ (कुळम म्हणजे तळं.) जुलै २०२४ मध्ये कोळिकोड जिल्ह्यातला १४ वर्षांचा मुलगा वाचला, त्याची बातमी इथे सगळ्यांनी वाचली. त्याच्या वडिलांनी या आजाराबद्दल सोशल मीडियावर वाचलं होतं. मुलाला झटका आल्यावर त्यांनीच डॉक्टरांना सांगितलं की हा तळ्यात पोहला होता. तिथून तपासणीची दिशा बदलली.

त्याच महिन्यात सरकारने उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, जर्मनीहून मिल्टेफोसिन मागवलं. आधी नमुने पक्के करायला चंडीगडच्या पीजीआयला जायचे, नंतर इथेच राज्याच्या प्रयोगशाळेत सोय झाली. २०२५ मध्ये रुग्ण आणखी वाढले, तेव्हा विहिरींत क्लोरीन टाकायची मोहीमच निघाली. आमच्या गल्लीतल्या विहिरीवर आरोग्यसेविका स्वतः उभी होती.

*

औषधवाला_दादर

मी घाऊक औषध व्यवसायात आहे, तर औषधांच्या बाजूने लिहितो.

मिल्टेफोसिन मुळात कर्करोगासाठी शोधलेलं औषध. त्यात फारसं यश आलं नाही, पण काळा आजारावर (कालाजार) तोंडाने घ्यायचं पहिलं औषध म्हणून ते नावाजलं. भारतात त्याला २००२ मध्ये मान्यता मिळाली, म्हणजे अमेरिकेच्या बारा वर्षं आधी. बिहार, झारखंडमध्ये सरकारी कार्यक्रमातून वापरलं गेलं. महाराष्ट्रात काळा आजार नाही, त्यामुळे इथल्या दुकानदाराने ते कधी मागवलेलंच नसतं. मुंबईत रात्री दोन वाजता कोणी ‘मिल्टेफोसिन पाहिजे’ म्हणून फोन केला तर दहातले नऊ केमिस्ट नाव परत विचारतील.

२०१६ मध्ये फ्लोरिडात एक १६ वर्षांचा मुलगा वाचला. औषध पुरवणारी कंपनी त्याच शहरात होती, गोळ्या काही मिनिटांत रुग्णालयात पोचल्या. अशी जागा नशिबाने मिळते. म्हणून माझं मत असं की शहरात किमान एका सार्वजनिक रुग्णालयात एका पेशंटचा पूर्ण कोर्स ठेवलेला असावा. २८ दिवसांचा कोर्स, ४५ किलोच्या खाली दिवसाला ५० मिलिग्रॅमच्या दोन कॅप्सूल, वर तीन. एक छोटं खोकं, एवढीच जागा लागते. एक्स्पायरी झाली तर बदलायचं.

अ‍ॅम्फोटेरिसिनबद्दल मुंबईकरांना सांगायला नको. २०२१ च्या मे-जूनमध्ये म्युकरमायकोसिससाठी लोक व्हायल घेऊन या स्टेशनवरून त्या स्टेशनला धावत होते. तेव्हा लायपोसोमल प्रकाराला मागणी होती, कारण किडनीला त्याचा त्रास कमी. नेग्लेरियात मात्र जुना, साधा प्रकार (डीऑक्सिकोलेट) पसंत करतात, कारण प्राण्यांवरच्या प्रयोगांत तोच जास्त परिणामकारक ठरला. तो स्वस्तही आहे. नातेवाइकांनी ‘आम्ही महागडं आणतो, तेच द्या’ असा आग्रह धरू नये.

*

सिस्टर_वैशाली

औषधवाले दादा, जुन्या अ‍ॅम्फोटेरिसिनबद्दल नर्सिंगच्या बाजूने थोडं लिहिते, कारण घरचे काचेतून बघत असतात आणि घाबरतात.

हे औषध नॉर्मल सलाइनमध्ये घालत नाहीत, त्यात ते फाटतं. पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्येच. बाटलीला उजेड लागू नये म्हणून झाकतो. आधी पॅरासिटामॉल देतो, तरीसुद्धा तासाभरात पेशंट कुडकुडायला लागतो, दात वाजतात, कॉट हलते, मग ताप चढतो. याचा अर्थ औषध उलटलं असा नाही. गती कमी करतो, पांघरूण घालतो, डॉक्टरांना कळवतो. खरी नजर ठेवायची ती लघवीच्या मापावर, क्रिएटिनिनवर (किडनीची रक्ततपासणी) आणि पोटॅशियमवर. पोटॅशियम असं खाली येतं की रोज भरावं लागतं. मिल्टेफोसिनने उलट्या-जुलाब होतात, ते जेवणाबरोबर द्यावं. नळी असेल तर फीडबरोबर. आणि पेशंट बाई असेल तर गरोदर नाही याची खात्री करतात, गर्भाला ते घातक आहे. बरी झाल्यावरही पाच महिने दिवस राहू द्यायचे नाहीत.

*

मंजिरी_परळ

वैशालीताई, फार मोलाचं लिहिलंत.

औषधांइतकीच दुसरी बाजू म्हणजे मेंदूची सूज. पेशंट जातो तो बऱ्याचदा सुजेमुळे, कवटीत दाब वाढून. २०१३ मध्ये अमेरिकेत आर्कान्सामध्ये १२ वर्षांची मुलगी पूर्ण बरी झाली. तिला लक्षणं सुरू झाल्यापासून ३० तासांत निदान आणि ३६ तासांच्या आत उपचार मिळाले. अमिबावरची औषधं होतीच, शिवाय मेंदूतलं पाणी नळीने काढून दाब उतरवला आणि शरीराचं तापमान मुद्दाम खाली आणलं. त्याच उन्हाळ्यात एका आठ वर्षांच्या मुलाला मिल्टेफोसिनसह तीच औषधं मिळाली, पण आजार सुरू होऊन काही दिवस उलटल्यावर, आणि त्याला थंड केलं गेलं नव्हतं. तो जगला, पण मेंदूला इजा राहिली. दोन मुलांवरून नियम काढता येत नाही, तरी मला या दोन हकिगती शेजारीशेजारी ठेवून वाचाव्याशा वाटतात. म्हणून अशा पेशंटला न्यूरोसर्जन असलेल्या आयसीयूतच हलवावं, आणि तेही पहिल्याच दिवशी.

*

ड्यूटीवरचा_रेसिडेंट

मेडिसिनचा रेसिडेंट आहे, मुंबईतच. मॅडम, एक प्रामाणिक अडचण. कॅज्युअल्टीत एका रात्री ताप-डोकेदुखीचे किती पेशंट येतात ते तुम्हाला माहीत आहे. प्रत्येकाला अ‍ॅम्फोटेरिसिन देता येत नाही, किडनी जाईल. मग सुरुवात कोणाला करायची? पीसीआरचा (अमिबाची जनुकं शोधणारी तपासणी) रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं?

*

मंजिरी_परळ

डॉक्टर, पीसीआरसाठी थांबायचं नाही. गाळणी अशी लावा: मणक्यातलं पाणी जिवाणूंसारखं, ग्रॅम स्टेन कोरा, आणि गेल्या दोन आठवड्यांत गोडं पाणी नाकात गेल्याची हिस्ट्री. तिन्ही जुळलं तर मला त्याच तासाला फोन यायला हवा, मी ताजा थेंब बघते. हलणारा अमिबा दिसला की उपचार सुरू, पीसीआर मागाहून पक्कं करायला. दिसला नाही, पण पेशंट अँटिबायोटिक असूनही तासागणिक खालावतोय आणि हिस्ट्री जोरदार आहे, तर तुमच्या सिनिअरशी बोलून सुरू करणं मला रास्त वाटतं. जिवाणूंची औषधं मात्र त्या वेळी बंद करू नयेत.

म्हणजे सगळी मदार एका प्रश्नावर: ‘पाणी नाकात गेलं होतं का?’ पण हा प्रश्न मुंबईच्या पेशंटला ‘तळ्यात पोहलात का’ असा विचारला तर तो ‘नाही’ म्हणेल. त्याला विचारायला हवं: मे महिन्यात गावच्या विहिरीत सूर मारलात का? कर्जतच्या फार्महाउसच्या टाक्यात मुलं डुंबली का? पावसाळी सहलीत डबक्यात, धबधब्याखाली? वज्रेश्वरीच्या गरम कुंडात डोकं बुडवलंत का? जलनेती (लोट्याने पाणी घालून नाक धुणं) करता का, कोणत्या पाण्याने? (या जागी अमिबा आहे असं मी म्हणत नाही. कोमट गोडं पाणी आणि नाक एकत्र येतात, म्हणून विचारायचं.) जुहू-गिरगावच्या समुद्राचं विचारू नका, नेग्लेरिया खाऱ्या पाण्यात जगत नाही.

*

योगिनी_पार्ले

वीस-पंचवीस जणांना जलनेती शिकवते, त्यामुळे वाचून काळजी वाटली. आम्ही प्युरिफायरचं पाणी कोमट करून मीठ घालतो. चालेल ना?

*

मंजिरी_परळ

योगिनीताई, नाही चालणार. मिठाचं एवढंसं प्रमाण अमिबाला मारत नाही, आणि घरगुती फिल्टरमधून आलं म्हणजे पाणी निर्जंतुक झालं असं नाही. २०११ मध्ये लुइझियानात नळाच्या पाण्याने नेती करणारे दोन जण नेग्लेरियाने गेले. २०१८ मध्ये सिअ‍ॅटलच्या एका बाईंची केस छापून आली, त्या फिल्टरच्या पाण्याने नाक धुवायच्या. त्यांना बालामुथिया झाला होता, आणि मेंदूतली गाठ आधी ट्यूमर समजली गेली होती.

पाणी खळखळ उकळू द्या, उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट. झाकून निवू द्या, मग मीठ. लोटा प्रत्येकाचा वेगळा, वापरून झाल्यावर उकळलेल्याच पाण्याने धुवून पूर्ण कोरडा. असं केलंत तर नेती सोडायची गरज नाही.

*

शब्बीर_मुंब्रा

वुजू (नमाजाआधी हात-तोंड धुणं) करताना आम्ही दिवसातून पाच वेळा नाकात पाणी घेतो, त्यामुळे हा प्रश्न आमच्या घरचाही आहे. कराचीत दरवर्षी या अमिबाने माणसं जातात आणि त्यातले बरेच जण पोहायला गेलेलेच नसतात, हे वाचलं होतं. पाइपातलं पाणी, टाकीत साठलेलं, वर उन्हाची धग आणि क्लोरीन कमी. आमच्या इमारतीचं पाणीही गच्चीवरच्या काळ्या टाकीत एप्रिल-मेमध्ये हात भाजेल इतकं तापतं. घरात अम्मीने आता नाकासाठी उकळून निवलेल्या पाण्याची वेगळी सुरई ठेवली आहे. मशिदीच्या ट्रस्टींना टाकी धुण्याबद्दल आणि क्लोरीनबद्दल लिहून दिलं, त्यांनी लगेच मनावर घेतलं. पाणी जोरात वर न ओढता नाकपुडीच्या तोंडाशीच घ्यायचं, असं मुलांना शिकवतोय.

*

मंजिरी_परळ

शब्बीरभाई, अगदी योग्य केलंत. टाकी हाच मुंबईचा दुखरा भाग. भांडुपहून पाणी क्लोरीन घालून निघतं. ते जमिनीखालच्या टाकीत पडून, पंपाने वर चढून, गच्चीवर तापून नळाला येईस्तोवर क्लोरीन उडत जातो. नळाला ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर मोकळा क्लोरीन टिकला तर नेग्लेरिया आटोक्यात राहतो. ऑस्ट्रेलियात लांबच लांब तापलेल्या पाइपलाइनींवर हाच उपाय केला गेला.

*

नेत्रा_ठाणे

कॉन्टॅक्ट लेन्स लावते. अकांथामिबा डोळ्यातून मेंदूत जातो का?

*

मंजिरी_परळ

सहसा नाही. पण डोळाच गमावायची वेळ येऊ शकते. लेन्स नळाच्या पाण्याने कधीही धुऊ नका, लावून पोहू नका, आंघोळ करू नका. डोळा लाल झालाय आणि दिसतंय त्यापेक्षा दुखतंय जास्त, असं असेल तर लेन्सची डबीसुद्धा बरोबर घेऊन नेत्रतज्ज्ञांकडे जा. आम्ही डबीतलं पाणीही तपासतो. या संसर्गावरचे थेंब वेगळे असतात (पीएचएमबी, क्लोरहेक्सिडिन) आणि महिनोन्महिने चालतात. केमिस्टकडून स्टेरॉइडचे थेंब आणून घालू नका.

*

प्रदीप_कल्याण

माझ्या भाच्याच्या वेळी मणक्यातलं पाणी शनिवारी दुपारी काढलं. रुग्णालय खासगी, नाव लिहीत नाही. नमुना सोमवारपर्यंत फ्रीजमध्ये. आम्हाला हे बिल बघताना तारखांवरून कळलं. भाचा सुदैवाने वाचला, जिवाणूंचा मेंदूज्वर निघाला. पण वरचं वाचून आज अंगावर काटा आला. बहिणीने दोन दिवस दाराशी बसून काढले आणि आम्हाला वाटत होतं की तपासणी चालू आहे.

*

मंजिरी_परळ

प्रदीपदादा, वाचून वाईट वाटलं. मणक्यातलं पाणी हा कोणत्याही वारी, कोणत्याही वेळी लगेच बघायचा नमुना आहे, अमिबा असो वा नसो. नातेवाइकांनी विचारावं: ‘नमुना लॅबला पोचला का, कोणी बघितला, काय दिसलं?’ यात उद्धटपणा काही नाही.

*

अभय_गोरेगाव

धाग्याबद्दलचं माझं पहिलं मत मागे घेतो. एक विचारतो: ते बालामुथियाचं काय? त्याला औषध आहे का? टीबीशी गल्लत होते म्हणालात, आणि ते आपल्याकडे जास्त लागू पडतंय असं वाटलं.

*

मंजिरी_परळ

बरोबर पकडलंत, मलाही मुंबईसाठी तोच जास्त महत्त्वाचा वाटतो.

बालामुथिया १९८६ मध्ये सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका मँड्रिल माकडाच्या मेंदूतून सापडला. अमेरिकेच्या सीडीसीमध्ये (रोगनियंत्रणाची सरकारी संस्था) काम करणारे मूळचे भारतीय शास्त्रज्ञ गोविंद विश्वेश्वर यांनी तो वेगळा काढला. नव्वद टक्क्यांच्या आसपास मृत्यू. उपचार म्हणजे औषधांची लांबलचक यादी: पेंटामिडिन, सल्फाडायझिन, फ्लुकोनाझोल, फ्लुसायटोसिन, अझिथ्रोमायसिन, मिल्टेफोसिन. महिनोन्महिने. पेंटामिडिनने किडनी आणि स्वादुपिंड दुखावतं, साखर वरखाली होते. फ्लुसायटोसिनने रक्तपेशी घटतात. कित्येकदा आजाराआधी औषधंच थांबवावी लागतात.

आता आशेची बाजू. कॅलिफोर्नियात यूसीएसएफ या वैद्यकीय विद्यापीठात जो डेरिसी यांच्या प्रयोगशाळेने इतर आजारांसाठी आधीच वापरात असलेली २,१७७ संयुगं बालामुथियावर तपासून बघितली, २०१८ मध्ये निष्कर्ष छापले. त्यात नायट्रॉक्सोलिन निघालं. युरोपात लघवीच्या जंतुसंसर्गावर पन्नासेक वर्षं देतात ते साधं औषध. २०२१ मध्ये तिथेच ५४ वर्षांचा एक पेशंट आला. नेहमीची औषधं त्याला सोसेनात, किडनी बिघडली आणि मेंदूतल्या गाठी वाढतच होत्या. डॉक्टरांना प्रयोगशाळेचा तो शोधनिबंध सापडला. औषध अमेरिकेत विकायला नाही, म्हणून एफडीएची (तिथली औषध-नियामक संस्था) तातडीची परवानगी काढून परदेशातून आणलं. सुरू केल्यावर आठवडाभरातल्या एमआरआयमध्ये गाठी लहान झालेल्या. तो घरी गेला. एका पेशंटवरून औषध सिद्ध होत नाही, आणि बाकीची औषधंही त्याला चालूच होती. पण हे निदान हाती असल्याशिवाय घडलंच नसतं. गाठीचा तुकडा काढला गेला होता म्हणून पुढचं सगळं.

म्हणून एकेटी आणि स्टेरॉइडवर नीट असलेला पेशंट घसरायला लागला, टीबीचा पुरावा कुठेच मिळत नाही, कातडीवर न भरणारा चट्टा आहे (बालामुथियात बऱ्याचदा नाकाच्या आसपास असतो) किंवा मातीत काम आहे, तर बायोप्सीचा विचार व्हावा. आणि तुकडा सगळाच्या सगळा फॉर्मालिनमध्ये बुडवू नये. थोडा ताजा आम्हाला द्यावा. फॉर्मालिनमधल्या तुकड्यातून कल्चर होत नाही.

*

औषधवाला_दादर

एक तांत्रिक जोड: रिफाम्पिसिन यकृतातली विकरं वाढवतं, त्यामुळे फ्लुकोनाझोलची रक्तातली पातळी उतरते. टीबीच्या गोळ्या आधीपासून चालू असलेल्या पेशंटला फ्लुकोनाझोल जोडताना डॉक्टरांना पूर्ण यादी दाखवा. घरून आणलेल्या गोळ्यांसकट.

*

स्वप्नील_पनवेल

आमच्या गावच्या विहिरीत मुलं मे महिनाभर असतात. मनाई करून उपयोग नाही, आम्हीही तिथेच शिकलो. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) किती टाकायचं?

*

मंजिरी_परळ

१,००० लिटरला चांगल्या, ताज्या टीसीएलचे अडीच ग्रॅम. विहिरीतलं पाणी काढायचं सूत्र: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली (सगळं मीटरमध्ये) गुणिले ७८५, उत्तर लिटरमध्ये. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी म्हणजे साधारण २८,००० लिटर, त्याला ७० ग्रॅम. बादलीत पावडर कालवायची, चुन्याचा साका खाली बसू द्यायचा, वरचं निवळलेलं पाणी तेवढं दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडायचं आणि बादली खालवर करून ढवळायचं. तासभर कोणी उतरायचं नाही. मग ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची), ग्रामपंचायतीच्या पाणी कर्मचाऱ्याकडे किट असतं. पिवळा रंग यायला हवा. पाण्यात पालापाचोळा, शेवाळ असेल तर ते क्लोरीन खाऊन टाकतं, म्हणून आधी उपसा आणि सफाई. मुलांना नाकाची चिमटी किंवा दोन बोटांनी नाक दाबून उडी, आणि तळाचा गाळ ढवळायचा नाही, अमिबा त्यातच जास्त असतो.

*

ड्यूटीवरचा_रेसिडेंट

आमच्या युनिटमध्ये बोललो. मेंदूज्वराच्या हिस्ट्री शीटवर ‘१४ दिवसांत नाकात गोडं पाणी: विहीर / तलाव / कुंड / नेती / इतर’ अशी ओळ टाकायला सरांनी होकार दिला. मॅडम, रात्री नमुना पाठवताना नेमकं काय करायचं तेवढं सांगा, इंटर्नना दाखवायचं आहे.

*

मंजिरी_परळ

काढायच्या आधी लॅबला फोन करा, म्हणजे ड्यूटीवरचा टेक्निशियन मायक्रोस्कोपपाशी तयार राहील. निर्जंतुक बाटल्या घ्या, अमिबासाठी एक वेगळी, निदान एक मिलिलिटर. बर्फाच्या डब्यात ठेवू नका, फ्रीजमध्ये नाही, बाहेरच्या तापमानावरच हाताने आणून द्या, लिफ्टमनच्या हवाली करू नका. फॉर्मवर मोठ्या अक्षरात ‘अमिबासाठी ताजा वेट माउंट’ आणि पाण्याची हिस्ट्री एका ओळीत. आमच्या बाजूने: फार जोरात सेंट्रिफ्यूज करायचं नाही, बघण्याआधी बाटली हलकेच फिरवायची कारण अमिबा काचेला चिकटतो, काचपट्टी कोमट ठेवायची, आणि एका थेंबावर ‘नाही’ म्हणायचं नाही. उरलेला नमुना पीसीआरसाठी राखून ठेवायचा. तुमच्या इंटर्नना पाठवा, गुरुवारी दुपारी मी त्यांना अकांथामिबाच्या प्लेटवर अमिबा कसा हलतो ते दाखवते.